एका अंगाने झिजलेला टायर

मोटारीचा टायर झिजावा हे त्याचे विहित कर्मच आहे, आणि चाळीस-पन्नास हजार किलोमीटर धावून तो सर्व अंगांनी सारखा सपाट झाला, तर त्याबद्दल मालकाने तक्रार करण्याचे कारण उरत नाही. परंतु अर्ध्या वाटेवरच त्याची एक कड गुळगुळीत होऊन आतील तारा डोकावू लागाव्यात आणि दुसऱ्या कडेची नक्षी मात्र जवळजवळ नव्यासारखी शाबूत असावी, असे जेव्हा घडते, तेव्हा कसूर गाडीच्या कोठल्या तरी अवयवाकडे, हवेच्या हयगयीकडे अथवा रस्त्याकडे जातो, आणि त्याचा छडा न लावता नवा टायर चढवणे म्हणजे तीच झीज दुसऱ्यांदा विकत घेणे होय. अशा गाडीला आपल्याकडे ‘टायर खाणारी गाडी’ म्हणतात आणि तो तिचा जन्मस्वभाव मानून गप्प बसतात. हा समज मला मान्य नाही. असमान झिजेला नेहमी कारण असते, ते कारण झिजेच्या आकारात उमटलेले असते, आणि ते वाचण्यासाठी यंत्रशाळेत शिक्षण घ्यावे लागत नाही.

प्रथम एका साध्या हिशेबाकडे लक्ष वेधतो. अकराशे किलो वजनाच्या लहान मोटारीत प्रत्येक चाकावर सरासरी पावणेतीनशे किलोंचा भार येतो, आणि टायरमध्ये ३३ पाउंड हवा असेल, तर तो भार पेलण्यासाठी रबराचा सुमारे १२० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकलेला असतो. मोटारीचा वेग, वळण, थांबणे हा सगळा कारभार पसरलेल्या तळहाताएवढ्या चार जागांवर चालतो. त्या जागेत भार सारखा वाटला गेला नाही, अथवा चाक ज्या दिशेला धावते त्या दिशेला त्याचे तोंड नसले, तर रबर तेथल्या तेथे घासले जाते. असमान झिजेची बहुतेक कारणे या दोन प्रकारांत सामावतात.

आता ज्या मुलखात बसून हे लिहीत आहे, त्याविषयी. आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी हे सरहद्दीलगतचे गाव. उत्तरेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले व आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, २०१४ साली ते तेलंगणात आले; तथापि घरातली मराठी, सोयरिकी आणि बाजारहाट यांनी ती रेषा कधी फारशी मानली नाही, आणि या येण्याजाण्याचा भार आता बैलगाडीऐवजी जीप, पिकअप व लहान मोटारींच्या चाकांवर पडतो. जमीन काळी, कापसाची. या मातीतील चिकणांश पाणी शोषून फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा पाडतो. हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या प्रदेशात अशा मातीवर घातलेली डांबरी सडक लाटांसारखी वरखाली होते, आणि तिच्या दोन्ही बाजूंची माती वाहून गेल्यामुळे डांबराची कड वीतभर उघडी पडते. अरुंद सडकेवर समोरून कापसाने लादलेली गाडी आली, की आपली डावी चाके खाली उतरवावी लागतात आणि ती गाडी गेल्यावर त्याच उघड्या कडेवरून तिरपी वर चढवावी लागतात. त्या क्षणी डाव्या पुढच्या चाकाला बाजूने जो धक्का बसतो, तो टायर सोसतो, पण त्याच्यामागचे सांधे आणि दांडे नेहमीच सोसत नाहीत. रस्त्यातील खड्ड्यांचा सर्वत्र बोभाटा होतो. माझ्या मते या भागात खड्ड्यांपेक्षा कड अधिक नुकसान करते.

तपासाची सुरुवात बारा आकड्यांनी करावी. खाचेची खोली मोजण्याचे लहानसे मापक अल्प किमतीत मिळते. प्रत्येक टायरवर आतील कड, मध्य आणि बाहेरील कड अशा तीन जागी खोली मोजून ती वहीत मांडावी. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते, आणि खाचांच्या तळाशी जे लहान उंचवटे बसवलेले असतात, त्यांच्या पातळीला, म्हणजे १.६ मिलिमीटरला, नक्षी आली की टायरचे आयुष्य संपले. ही मर्यादा सर्वांत झिजलेल्या जागेला लागू करावयाची असते, सरासरीला नव्हे. मध्ये पाच मिलिमीटर आणि आतल्या कडेला शून्य, असा टायर पाच मिलिमीटरचा ठरत नाही. आतली कड पाहण्याचा लोक कंटाळा करतात, कारण ती गाडीखाली दडलेली असते. पुढची चाके पूर्ण वळवली म्हणजे ती दिसते. मागच्या चाकांसाठी मात्र जमिनीवर आडवे होऊन विजेरीचा झोत टाकण्यावाचून गत्यंतर नाही. बाहेरून धडधाकट दिसणारे पुष्कळ टायर याच दडलेल्या कडेवरून फुटतात.

दोन्ही कडा झिजलेल्या आणि मध्य उंच राहिलेला दिसला, तर हवा कमी होती. मध्य झिजून कडा शाबूत असतील, तर हवा जास्त होती. हा नियम जुना आहे, आणि जुन्या टायरांवर तो अचूक चाले. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्या मार्गपरिवहन शाखेने सत्तावीस बसगाड्या सुरू केल्या, त्या काळचे सगळे टायर तिरप्या धाग्यांच्या थरांचे असत, आणि अधिक हवेने त्यांचा मध्यभाग खरोखरच फुगून वर येई. १९४६ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि नक्षीखाली पोलादी तारांचा ताठ पट्टा आला; आज आपल्या मोटारींना सर्रास हेच टायर असतात. त्या पट्ट्यामुळे मध्यभाग सहजी फुगत नाही, म्हणून जास्त हवेची खूण रेडियलवर पुसट उमटते. शिवाय रेडियलची बाजू पुरेशी हवा असतानाही थोडी फुगलेली दिसते, त्यामुळे डोळ्यांनी पाहून किंवा लाथ मारून हवेचा अंदाज बांधणाऱ्या जुन्या चालकांची विद्या येथे फसते. मापक लावल्यावाचून हवा कळत नाही.

आदिलाबादच्या हवामानात तर ही बाब विशेष महत्त्वाची. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश उष्म्यात, टायर थंड धरून, ३३ पाउंड हवा भरली आणि गाडी तशीच ठेवली, तर डिसेंबरमधील १० अंशांच्या पहाटे त्याच टायरमध्ये, एकही छिद्र नसताना, सुमारे २८ पाउंडच उरतील; वायूच्या दाबाचा तो स्वाभाविक धर्म आहे. त्यातच रबरातून दरमहा एक-दोन पाउंड हवा आपोआप झिरपून जाते. या भागात हिवाळा कडक पडतो आणि नेमक्या त्याच दिवसांत कापसाची वाहतूक ऐन भरात असते, म्हणजे भार सर्वाधिक असताना हवा सर्वांत कमी, असा हा उलटा योग जुळून येतो, आणि दोन्ही कडा झपाट्याने उडतात. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. किती भरावी हे चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते, भरलेल्या गाडीचा आकडा निराळा असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, ती शिफारस समजून हवा भरू नये. धावून तापलेल्या टायरमधील चढलेला दाब पाहून हवा सोडणे, ही उन्हाळ्यातील सर्वसामान्य चूकही टाळावी, कारण थंड झाल्यावर तोच टायर मऊ पडतो, मऊ टायर अधिक वाकतो, आणि अधिक वाकणारा अधिक तापतो.

हवा ठीक असूनही एकच कड झिजत असेल, तर प्रश्न चाकाच्या ठेवणीचा होतो, आणि येथे ‘अलाइनमेंट’ हा एकच शब्द उच्चारून थांबण्याची जी रीत पडली आहे, ती तपासाला घातक आहे. कारण त्या शब्दाखाली निदान दोन भिन्न दोष येतात. गाडीच्या वरून पाहिले असता पुढील दोन चाकांची तोंडे एकमेकांकडे किंचित वळलेली असणे यास टो-इन, आणि परस्परांपासून दूर वळलेली असणे यास टो-आउट म्हणतात; समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला असणे हा कॅम्बर. यांपैकी टायर खाण्यात टोचा हात सर्वांत मोठा. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांपाशी दोन चाकांमधील अंतर मोजले असता, ते असावे त्याहून अवघ्या तीन मिलिमीटरने चुकले, तर प्रत्येक चाक सुमारे पाव अंशाने तिरपे धावते, आणि भूमितीच्या हिशेबाने पाहता असे चाक दर किलोमीटरला चार मीटरांहून थोडे अधिक आडवे ओढले जाते. रबर लवचीक असल्यामुळे या ओढीचा काही अंश ते वाकून सोसते, परंतु उरलेला अंश घासूनच फेडावा लागतो. दहा हजार किलोमीटरांच्या प्रवासात त्या आडव्या ओढीची बेरीज चाळीस किलोमीटरांवर जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे तीन मिलिमीटरांची तफावत क्षुल्लक वाटेनाशी होते.

टोच्या झिजेची साक्ष डोळ्यांपेक्षा तळहात चांगली देतो. टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि उलट फिरवताना करवतीसारखी धार बोचते, असे आढळले तर टो बिघडला आहे हे निश्चित समजावे. बाहेरून आत येताना हात सरकत असेल आणि आतून बाहेर जाताना धार लागत असेल, तर टो-इन अधिक आहे व बाहेरची कड आधी जाईल. उलट असल्यास टो-आउट, आणि आतली कड जाईल. मात्र तार उघडी पडलेल्या टायरवर हात फिरवू नये. ती तार बोट चिरते.

येथे आणखी एक बारकावा आहे, जो जाणत्या कारागिराला ठाऊक असतो आणि घाईत असलेला विसरतो. कडेवर आपटून एकाच चाकाचा दांडा वाकला, तरी टोची झीज सहसा पुढच्या दोन्ही टायरांवर दिसते, कारण सरळ धावताना स्टिअरिंग आपोआप मध्यम स्थान शोधते आणि दोष दोन्ही चाकांत वाटला जातो. दोषाची खूण म्हणून सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचे चक्र मात्र वाकडे राहते. याउलट एकाच टायरची एकच कड गेली असेल, नक्षीवर धार लागत नसेल, आणि दुसऱ्या बाजूचा टायर निरोगी असेल, तर संशय कॅम्बरवर घ्यावा. टोचा दोष वाटला जातो, कॅम्बरचा जागच्या जागी राहतो.

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांचा कॅम्बर कारखान्यातच ठरवलेला असतो, आणि तो जुळवण्यासाठी फारशी सोय ठेवलेली नसते. सबब, एका बाजूचा कॅम्बर बदलला असेल, तर चाकाला वरून धरणारा स्ट्रट, चाकाचा आस किंवा खालचा आर्म यांपैकी काही तरी वाकले आहे, अथवा सांध्यातील रबरी बुश झिजून चाकाने जागा सोडली आहे, हे उघड आहे. काही दुकानांत जॅक लावून वाकलेला भाग उलटा वाकवतात आणि यंत्रावरील आकडा जुळवून देतात. या उपायाला माझा स्पष्ट विरोध आहे. दोनदा वाकलेल्या लोखंडाच्या भरवशावर कुटुंब गाडीत बसवू नये. भाग बदलावा. मागील आडवा दांडा अखंड असलेल्या लहान गाड्यांत मागच्या चाकांची ठेवणही बहुधा जुळवता येत नाही, आणि मागचे टायर तिरप्या पट्ट्यांनी झिजत असतील, तर तो दांडाच तपासावा लागतो.

तिसरी जात खळग्यांची. टायरच्या परिघावर ठरावीक अंतराने वाटीसारखे खळगे पडलेले दिसले, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उसळत चालले आहे, आणि त्याला आवरणारा शॉक अब्सॉर्बर थकला आहे असा प्रथम तर्क करावा. त्यावर तेल ओघळलेले असेल, तर पुरावा हाती आला. असा टायर चालताना घुमतो, आणि तो आवाज बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलली जाते. दोन्हींतला भेद सोपा आहे: वळणावर भार एका बाजूला जाताच बेअरिंगचा आवाज वाढतो किंवा थांबतो, टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठाप्रमाणे बदलतो, आणि पुढचे टायर मागे टाकून पाहिले, तर टायरचा आवाज त्यांच्याबरोबर मागे जातो.

उसळण्याचे दुसरे कारण तोल. रिमच्या कडेवर ३० ग्रॅमांची विषमता असेल, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला ती चाकाला सेकंदास पंधरा वेळा सुमारे पाच किलोंच्या जोराने हिसके देते. ६० च्या वेगाला हाच जोर दोन किलोंहून कमी भरतो. गावच्या सडकेवर कधीही न जाणवलेला स्टिअरिंगचा थरकाप राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पोहोचताच सुरू होतो, त्याचे इंगित हेच. आणि या काळ्या मातीत त्या तीस ग्रॅमांची सोय पाऊसच करतो: चिखल रिमच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि वाळून दगडासारखा बसतो. पावसाळ्यानंतर बॅलन्सिंगसाठी पैसे देण्यापूर्वी चाके आतून धुऊन पाहावीत. चिखलासकट चाकावर शिशाचे तुकडे ठोकून घेतले, तर तो चिखल झडताच तोल नव्याने बिघडतो.

दुरुस्तीचा क्रम चुकला, की खर्च वाया जातो. अलाइनमेंटचे यंत्र गाठण्यासाठी तामसीकराला बहुधा आदिलाबादचा रस्ता धरावा लागतो, आणि एकदा तेथे गेल्यावर काम उरकून परतण्याची घाई असते. परंतु टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, खिळखिळा असताना जुळवलेला टो, गाडी यंत्रावरून उतरून पहिल्या कडेवर चढली, की पुन्हा हलतो. म्हणून आधी गाडी जॅकवर उचलून चाक दोन्ही हातांनी हलवावे. डावी-उजवीकडून धरून हलवल्यास खेळ जाणवला, तर टाय रॉड एंड संशयास्पद. वर-खाली धरून हलवल्यास खेळ आला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. हे करताना गाडी केवळ जॅकच्या भरवशावर ठेवू नये, तिच्याखाली भक्कम आधार द्यावा. खालच्या आर्मचे बुश फाटले आहेत का, हे पहार लावून कारागिराकडून पाहून घ्यावे. सांधे दुरुस्त झाल्यावर हवा, हवेनंतर बॅलन्सिंग, आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी. यंत्रावर चढवताना गाडी रोजच्यासारखी असावी. डिकीत पोती भरून केलेली मोजणी रिकाम्या गाडीला लागू पडत नाही. आणि काम झाल्यावर आधीचे व नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्यावा, जपून ठेवावा. गाडी सरळ धावत असताना स्टिअरिंग वाकडे राहिले, तर काम अपुरे आहे असे नम्रपणे परंतु ठामपणे सांगून ती परत चढवावी.

यंत्राकडे जाण्याइतका दोष आहे की नाही, हे घरच्या अंगणातही पाहता येते. सपाट जागी गाडी सरळ उभी करून पुढच्या दोन टायरांच्या समोरील बाजूस, आसाच्या उंचीवर, नक्षीच्या मधोमध खडूने एकेक खूण करावी आणि खुणांमधील अंतर मोजावे. मग गाडी हळूच पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूस तितक्याच उंचीवर आणाव्यात व पुन्हा मोजावे. पुढचे अंतर कमी भरले तर टो-इन, जास्त भरले तर टो-आउट. तीच खूण दोन्ही वेळा मोजल्यामुळे टायरचा अंगचा वाकडेपणा हिशेबातून वजा होतो. या रीतीने एक-दोन मिलिमीटरांची चूक राहते. जुळवणी करण्यास ती पुरेशी अचूक नाही, संशय पक्का करण्यास पुरते.

झीज हा भूतकाळाचा दाखला आहे, हे मालकांनी लक्षात ठेवावे. आज टो दुरुस्त केला, तरी करवतीसारखा झालेला टायर लगेच गुळगुळीत होत नाही, आणि आवाज ऐकून मालक कारागिरावर खोटे काम केल्याचा आरोप ठेवतो. अल्प झिजलेला टायर जागा बदलल्यावर पुढील काही हजार किलोमीटरांत बराचसा सावरतो. खोल खळगे पडलेला सहसा सावरत नाही. जागा आठ-दहा हजार किलोमीटरांनी एकदा बदलाव्या. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे आडवे बदलून पुढे आणतात. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर मात्र आपल्याच बाजूला ठेवावे लागतात. दोनच नवे टायर घेण्याची ऐपत असेल, तर पुढचे लवकर झिजतात म्हणून ते पुढे लावण्याचा मोह होतो, तो आवरावा व नवे मागे लावावेत. ओल्या सडकेवर पुढची चाके सरकली तर गाडी सरळ पुढे जाते आणि वेग कमी करताच बहुधा ताब्यात येते, मागची सरकली तर ती जागच्या जागी फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. दुरुस्तीनंतर दोन-तीन हजार किलोमीटर चालवून तेच बारा आकडे वहीत पुन्हा मांडावेत. आतल्या व बाहेरच्या कडेतील तफावत वाढलेली नसेल, तर दुरुस्ती खरी झाली. वाढली असेल, तर बुश आणि सांध्यांपासून तपास पुन्हा सुरू करावा.